अकरा महिन्यांचा नोटरी करार विसरा: महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याची आणि घेण्याची नीट रीत

झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा मजकूर, वर स्टॅम्प पेपर, खाली नोटरीचा शिक्का आणि सोबत एजंटचं ठरलेलं वाक्य: "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही." महाराष्ट्रात हे वाक्य चूक आहे. त्यावर विसंबून घर देणारा मालक सगळ्यात जास्त अडकतो, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

अकरा महिन्यांची प्रथा आली ती 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून. त्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक वर्षाच्या आत थांबायला शिकले. महाराष्ट्राने मात्र स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा 1999 साली केला आणि तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 सांगतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. त्यात मुदतीची सूट नाही. दोन महिन्यांसाठी घर दिलं तरी नोंदणी करावीच लागते.

ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण खरा फटका वेगळा आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकाच्या डोक्यावर. भाडं 22 हजार ठरलं होतं आणि समोरचा 12 हजार म्हणाला, तर नोटरीचा कागद हातात घेऊन तुम्ही कोर्टात उभे राहणार.

(हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गोव्यात 1968 चा वेगळा भाडे कायदा आहे आणि बेळगावातल्या घराला कर्नाटकाचे नियम लागतात. तिकडच्या घरासाठी इकडचा मसुदा उचलू नका.)

भाडेपट्टा नको, लिव्ह अँड लायसन्स हवा

दोन्हींत फरक आहे. भाडेपट्ट्यात जागेवर हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. मुंबईतल्या जुन्या मालकांना भाडेकरूची एवढी धास्ती का, याचं उत्तर 1973 सालात आहे. तेव्हाच्या भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले आणि असंख्य घरं कायमची अडकली. आज तसं होत नाही. 1999 च्या कायद्यातलं कलम 24 राहत्या घराच्या लायसन्सबाबत मालकाच्या बाजूने भक्कम आहे: मुदत संपली की घर रिकामं करायचं, आणि केलं नाही तर ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, दुप्पट नुकसानभरपाई. लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. फक्त करार नीट हवा.

मुदत किती ठेवावी

कलम 24 ची भाषा मुदत संपण्याची आहे. म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) सरळ, जलद दाद मिळते ती करार संपल्यावर. मधेच वाजलं, भाडं थकलं, तर प्रकरण तेवढं सोपं राहत नाही. म्हणून नवीन, अनोळखी भाडेकरू असेल तर 11 किंवा 12 महिने ठेवा. ओळखीचा, एकदा मुदत नीट पाळलेला असेल तर 24 किंवा 36 महिने करायला हरकत नाही. 60 महिन्यांच्या पुढे जाऊ नका. त्यापुढचा करार मुद्रांकासाठी भाडेपट्टा धरला जातो आणि खर्च एकदम वाढतो.

खर्चाचा हिशोब

मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते कशावर, इथे बहुतेकांची गल्लत होते. संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असल्यास ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने मुदतीभरचं व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर.

24 महिन्यांचा करार घेऊ. पहिल्या वर्षी 22,000, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ म्हणजे 23,100. दोन वर्षांचं भाडं 2,64,000 अधिक 2,77,200, म्हणजे 5,41,200. डिपॉझिट एक लाख, त्यावर दोन वर्षांचं व्याज 20,000. बेरीज 5,61,200 आणि त्याचे 0.25 टक्के म्हणजे 1,403 रुपये. नोंदणी फी शहरी भागात 1,000, ग्रामीण भागात 500. संकेतस्थळ आकडा वरच्या बाजूला पूर्ण करतं आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळं लागतं, पण मुख्य खर्च एवढाच.

हेच घर 22,000 ने 11 महिन्यांसाठी दिलं तर मुद्रांक सुमारे 628 आणि फी 1,000. दोनदा केलं की 3,256 होतात आणि तरी 22 महिनेच झाले. नोंदणी महाग पडते म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मालक आणि भाडेकरू असा निम्मा वाटून बघावा. खर्च कोणी करायचा हे आपसात ठरवता येतं. एजंट यावर स्वतःची फी लावतो, ती सरकारी नाही. त्यामुळे चलनाची प्रत मागून घ्या.

मुद्रांक सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरलेला हवा. नोंदणी सहीपासून चार महिन्यांत व्हायला हवी. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण दंड भरून.

मुंबईत चालणाऱ्या 'हेवी डिपॉझिट' व्यवहाराबद्दल इथेच सांगावं लागेल. भाडं शून्य, डिपॉझिट दहा लाख. मुद्रांक यात नगण्य येतो. पण त्या दहा लाखांना कसलंही तारण नसतं. मालकाचं घरकर्ज थकलं आणि बँकेने जप्ती आणली, तर भाडेकरूचं घरही जातं आणि पैशांसाठी दावा लावावा लागतो. एवढी रक्कम देण्याआधी घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, हे बँकेच्या खातेउताऱ्यावरून बघाच. मालक तो दाखवायला तयार नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.

मसुद्यात काय लिहायचं

तयार मसुद्यात रिकाम्या जागा भरून मोकळं होऊ नका. भांडणं ठरावीक चार-पाच ठिकाणी होतात आणि तिथे वाक्य जितकं नेमकं तितकं चांगलं.

डिपॉझिट कधी परत करायचं? "घर सोडल्यावर" असं लिहिलं की महिने जातात. असं लिहा (परवानाधारक म्हणजे लायसन्सवर राहणारा भाडेकरू): "परवानाधारकाने चाव्या सुपूर्द करताच, त्याच वेळी मालक थकीत बिलं वजा करून अनामत रक्कम बँकेद्वारे परत करील." चावी आणि पैसे एकाच वेळी. महाराष्ट्रात डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा नाही, म्हणून जे लिहिलंय तेच चालतं.

लॉक-इन आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिन्यांचं लॉक-इन म्हणजे त्या काळात सोडता येत नाही. एक महिन्याची नोटीस म्हणजे त्यानंतर सोडताना आधी सांगायचं. लॉक-इन बऱ्याचदा फक्त भाडेकरूवर लादलेलं असतं, ते दोघांवर आहे का हे भाडेकरूने वाचून बघावं. मोडलं तर काय भरायचं तेही आकड्यात हवं.

रंगकाम आणि दुरुस्तीचंही तसंच. "घर होतं त्या स्थितीत परत" या पाच शब्दांवर सगळ्यात जास्त डिपॉझिट कापलं जातं. नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतीचा खर्च भाडेकरूवर नाही, असं लिहून घ्या, किंवा रंगकामाची ठरावीक रक्कम आधीच लिहा. गळती, बाहेरची भिंत, मुख्य नळजोडणी मालकाकडे. नळाची चकती, दिवे, गीझरची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे, ही वाटणी सोयीची पडते.

वस्तूंची यादी जोडायला आळस करू नका. 'पंखे 4' असं न लिहिता 'हॉल 1, बेडरूम 2, स्वयंपाकघर 1, सगळे चालू. बेडरूमच्या एका पंख्याचा रेग्युलेटर बंद' असं लिहा. ओट्याच्या कोपऱ्यात टवका उडालेला असेल, बाथरूमची फरशी तडकलेली असेल, तर तेही. त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवा. वीज मीटरचं रीडिंग यादीतच टाका.

राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावं करारात घ्या. तीन मुलं मिळून राहणार आणि सही एकाचीच, असं झालं की तो एक निघून गेल्यावर उरलेले दोघे कोण, हा प्रश्न उभा राहतो.

कागद आणि थंब

नोंदणी दोन प्रकारे होते. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनने घरबसल्या. दुसऱ्या प्रकाराला दोघांचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या आधारसह, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि वेबकॅम लागतो. एजंट हेच यंत्र घेऊन घरी येतो.

माहिती भरताना गाडी अडते ती बहुतेक वेळा 'मौजे' आणि सर्वे नंबरवर. आपण ज्या भागाचं नाव रोज घेतो ते महसुली गावाचं नाव असेलच असं नाही. घराच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढा. त्यात गाव, सर्वे किंवा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, क्षेत्रफळ सगळं असतं. तिथलं जसंच्या तसं भरा. मीटरवरचा पत्ता किंवा सोसायटीच्या बिलावरचा पत्ता पाहून भरलं की दस्त शेरा मारून परत येतो.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे ठसे हवेत. वडील गेले आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लागलं, एवढ्याने तो एकटा मालक ठरत नाही. बाकी वारसांची लेखी संमती घ्या, नाहीतर भाडेकरू भावंडांच्या वादात सापडतो.

ठसा न जुळणं ही ज्येष्ठांच्या बाबतीत नेहमीची अडचण. हात कोमट पाण्याने धुऊन पुसा, यंत्राची काच पुसा, दुसरं बोट लावून बघा. तरी जुळत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, किंवा सरळ कार्यालयात जाऊन नोंदणी करा. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचं त्या देशाचं प्रमाणपत्र) करून पाठवावं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. लोक हे तीन महिने विसरतात.

दस्त सादर झाला म्हणजे नोंदला गेला असं नाही. दुय्यम निबंधकाने तपासून डिजिटल सही केली की काम पूर्ण. दस्त क्रमांक असलेली पीडीएफ हातात आल्याशिवाय चाव्या देऊ नका आणि पूर्ण डिपॉझिटही देऊ नका.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावी लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश निघतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा नोंदतो. पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि कामाचं ठिकाण लागतं. पोचपावती जपून ठेवा.

सोसायटीला आठेक दिवस आधी लेखी कळवा, नंतर कराराची प्रत आणि पोलिसांची पोच द्या. त्या पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. इथे समित्यांचा गैरसमज मोठा आहे. भाड्याने द्यायला समितीची 'परवानगी' लागते, एकटी मुलं-मुली चालणार नाहीत, अमुक समाजाचे नकोत, असे ठराव वार्षिक सभेत मंजूर केले तरी आदर्श उपविधींत त्यांना आधार नाही. अडवणूक झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते त्या शुल्कावर, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या 10 टक्के, त्याहून जास्त नाही. बिलाच्या एकूण रकमेच्या 10 टक्के नव्हे. समजा महिन्याचं बिल 5,200 आहे आणि त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग मिळून 2,400 आहेत. उरलेलं पगार, जिन्याचे दिवे, ऑफिस खर्च असं सेवा शुल्क 2,800. मग जास्तीत जास्त 280 रुपये लावता येतात. आई-वडील, मुलं, भावंडं अशा जवळच्या नात्यातलं कोणी राहत असेल तर तेही नाही. 'शिफ्टिंग चार्जेस' म्हणून हजारो मागितले तर ते कोणत्या उपविधीखाली, हे लेखी विचारा. बऱ्याचदा मागणी तिथेच थांबते.

म्हाडा, सिडको आणि झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घरांचं वेगळं आहे. भाड्याने देता येतं का, हे आधी वाटपपत्रात बघा.

कर आणि वीज

पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात 40 टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलं की ती लागत नाही, त्यामुळे भाडं ठरवतानाच हा फरक धरा.

भाडं महिन्याला 50,000 च्या वर असेल तर भाडेकरूने 2 टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. हा दर 1 ऑक्टोबर 2024 पासूनचा, आधी 5 होता. मालक अनिवासी भारतीय असेल तर 50,000 ची मर्यादा लागूच होत नाही. दहा हजार भाडं असलं तरी 30 टक्के आणि वर उपकर कापावा लागतो. हे भाडेकरूला कोणी सांगत नाही आणि नोटीस मात्र त्यालाच येते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी मालकाचा पॅन लागतो, तो करारातच असतो.

राहत्या घरात भाडेकरूने क्लास, पार्लर किंवा ऑफिस सुरू केलं तर 'वापर फक्त राहण्यासाठी' ही अट मोडते. वीज कंपनीच्या तपासणीत जोडणीचा अनधिकृत वापर ठरला तर संबंधित दराच्या दुप्पट आकारणी होते आणि कालावधी कळत नसेल तर मागच्या बारा महिन्यांची. मीटर मालकाच्या नावावर असतं, म्हणून बिलही त्याच्याच नावाने येतं.

मुदत संपताना

संपायच्या दोन महिने आधी दोघांनी बोलावं. पुढे राहायचं असेल तर नवा करार आणि नवी नोंदणी. व्हॉट्सअ‍ॅपवर "चालू ठेवू" म्हटल्याने मुदत वाढत नाही. जुनी संपलेली, नवी झालेली नाही आणि भाडं मात्र दरमहा घेतलं जातंय, ही अवस्था मालकाला घातक. पुढे दुप्पट भरपाई मागताना तुम्हीच भाडं स्वीकारून संमती दिली, असा युक्तिवाद होतो.

सोडायच्या दिवशी यादी हातात घेऊन खोली-खोली फिरा, मीटरचं रीडिंग घ्या, मागचं बिल भरल्याची पावती बघा. पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग. हिशोब कागदावर मांडून दोघांनी सही करा आणि मग चावी-पैसे.

आणि घर सोडलंच नाही तर? कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका, सामान बाहेर काढू नका. तसं केलं की भाडेकरू पोलिसांत जातो आणि तुमची सरळ केस वाकडी होते. मुदत संपल्यावर लेखी नोटीस द्या आणि आपल्या विभागातल्या भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे कलम 24 खाली अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरून ताब्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, फक्त 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज. ही सोय राहत्या घरापुरतीच आहे. दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर नेहमीच्या न्यायालयात, मुंबईत लघुवाद न्यायालयात, जावं लागतं.

अर्जाला नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, मालकीचा कागद, नोटीस आणि तिची पोच, आणि मुदत संपल्यानंतर काही पैसे आले असतील तर त्यांचा खातेउतारा जोडा. 22,000 भाड्याच्या घरात दुप्पट म्हणजे महिन्याला 44,000 मागता येतात. ही मागणी अर्जातच करा.